मावशींची चिकटपट्टी

मुलुंड, रविवार संध्याकाळ

दहिसरच्या सुमनमावशींच्या टीव्ही-रेकॉर्डरमध्ये आज व्हिडिओ कॉलवरून नवं सॉफ्टवेअर घातलं. कंपनीने तो डबा केव्हाच वाऱ्यावर सोडलाय, म्हणून हौशी मंडळींनी बनवलेलं. आत काकांचं भजन आहे, ते गेले त्याच्या आदल्या वर्षी चॅनेलवर आलेलं. सॉफ्टवेअर चढताना डबा मध्येच बंद झाला तर भजनही गेलं, असं मी बजावलं. मावशींनी लगेच स्विचवर चिकटपट्टी लावली! मला का नाही हे कधी सुचलं?

सत्तर टक्क्यांवर सगळं अडलं. घाबरलो मीच. "मावशी, बंद करून बघू या?"

"हात लावायचा नाही, तूच म्हणालास ना? मग गप बस रे."

वीस मिनिटं मी त्या चिकटपट्टीकडे बघत बसलो. काय धीराची बाई!

मग आकडा शंभरावर गेला, डबा सुरू झाला आणि काकांचा आवाज आला. अख्खं भजन संपेपर्यंत मी फोन ठेवला नाही.