चढ आधी की उतार आधी

१७ जानेवारी, शनिवार
ब्रॅक्सली टाउन २, किर्कहोम ४. मध्यंतराला आपण २-० पुढे होतो. म्हणजे पद्धत बरोबर आहे. अंमलबजावणी कमी पडते.

डेनिस हॅक्सबीला काढून आज नऊ आठवडे. नव्या मॅनेजरने, ज्युलियन स्पेकने, फक्त एक सामना जिंकलाय. नऊ वर्षांची घाण नऊ आठवड्यांत निघत नसते. चहाची टपरी चालवणाऱ्या मॅव्हिसला हे सांगितलं. ती म्हणाली, बाई, घाण निघतेय की घर निघतंय ते एकदा बघून घ्या. मॅव्हिस माझी १९७९ची विद्यार्थिनी. तेव्हाही भूगोलात काठावर पास.

१८ जानेवारी, रविवार
आमच्या फुटबॉलच्या मैदानाला उतार आहे. चर्चच्या बाजूचा गोल वर, रेल्वेच्या बाजूचा खाली. फरक सात फुटांचा. २००५ साली शाळेची उपकरणं आणि सहा मुली घेऊन मी स्वतः मोजलाय. समोच्च रेषांसह रंगीत नकाशा काढून हॅक्सबीला पाठवला. तो तेव्हा नुकताच मॅनेजर झाला होता. धंद्याने प्लंबर. सोबत पत्र: खेळाडू ताजे असताना उतारावरून खेळावं, गोल करून घ्यावेत, नंतर चढावर बचाव करावा. साधं शास्त्र.

नऊ वर्षं याच्या नेमकं उलट केलं त्या माणसाने. टॉस जिंकला की आधी चढ. मी मोसमातल्या दर रविवारी पत्र लिहीत राहिले. तीनशे वीस पत्रं. पहिल्या आठवड्यातच दोन फाइली आणल्या होत्या. एक ‘पाठवलेली’, एक ‘उत्तरं’. पहिली आता तीन खंडांत आहे.

नोव्हेंबरच्या सभेत मी त्याला काढण्याचा ठराव मांडला. क्लब सभासदांच्या मालकीचा आहे, एका माणसाला एक मत. एकतीस विरुद्ध सव्वीस, आणि क्लबचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं. त्यात वैयक्तिक काही नव्हतं.

संकल्प: मोसमाच्या शेवटच्या सामन्याला माहितीपत्रकाचा खास अंक काढायचा. ‘हॅक्सबीची नऊ वर्षं: एक तटस्थ निवाडा’. चाहत्यांकडून आठवणी मागवणार. टपरीवर पेटी ठेवणार. हा माणूस म्हणजे काय होता ते एकदा छापून राहिलं पाहिजे.

२४ जानेवारी, शनिवार
१-३. मध्यंतराला १-०.
पेटी ठेवली. बिस्किटांचा जुना डबा, झाकणाला फट. मॅव्हिसने विचारलं, चांगल्या आठवणी टाकल्या तर चालतील का. म्हटलं, खऱ्या असतील तर चालतील.

३१ जानेवारी, शनिवार
टॉस हरलो. पाहुण्यांनी उतार घेतला, शहाणे लोक. नाइलाजाने चढापासून सुरुवात करावी लागली. तरीही ३-१ जिंकलो. प्रतिकूल परिस्थितीतला विजय. स्पेकचं मनापासून अभिनंदन केलं.

तो म्हणाला, मिस कॉथोर्न, चढच आधी घेऊन बघू या का एखाद्या वेळी? एका सामन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो हे मी त्याला समजावलं. त्याने मान डोलावली. मुलगा ऐकणारा आहे. म्हणून तर त्याला निवडला.

७ फेब्रुवारी, शनिवार
२-५. मध्यंतराला २-०.
पेटी उघडली. पाच चिठ्ठ्या.

एक: नाताळच्या दिवशी आमची मोरी तुंबली तेव्हा डेनिस जेवणावरून उठून आला.
दोन: आमचे स्टॅन इस्पितळात होते तेव्हा करंडक घेऊन त्यांच्या खाटेशी बसला. शेवटी शेवटी त्यांना मी ओळखू येत नव्हते, करंडक येत होता.
तीन: त्याच्या काळात अंघोळीला गरम पाणी असायचं. (खेळाडू असावा.)
चार: दुसऱ्या डावात रेल्वेच्या टोकाला उभं राहायला काय मजा यायची.
पाच: बचावात एकवाक्यता नव्हती, आणि चाहत्यांच्या अभ्यासपूर्ण सूचनांची दखल घेतली जात नसे. (हे मीच टाकलं होतं, लोकांना दिशा मिळावी म्हणून.)

पहिल्या चार अप्रस्तुत. पाचवी घेतली.

१४ फेब्रुवारी, शनिवार
बाहेरगावी सामना. तिथलं मैदान सपाट. ०-०. सपाट मैदानाबद्दल मला काही म्हणायचं नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार
१-४. मध्यंतराला १-०.
आमच्याकडे मध्यंतराला चाहते बाजू बदलतात. आपला संघ ज्या गोलवर चाल करणार त्या गोलमागे सगळे चहाचे कप घेऊन मैदानाला वळसा घालून जातात. आता दुसऱ्या डावात आम्हाला वर चर्चच्या टोकाला जावं लागतं. आज पंचेचाळीस मिनिटं तिथे उभे राहिलो. चेंडू त्या टोकाला दोनदा आला. एकदा चुकून. मागे कोणीतरी म्हणालं, इथे आलोच आहोत तर प्रार्थना तरी करून जाऊ. हशा पिकला. मी मागे वळले नाही. आवाज ओळखला, वर्ष १९८८.

२३ फेब्रुवारी, सोमवार
नवी कल्पना. प्रत्येक सामना मध्यंतरालाच संपला असता असं धरून तक्ता तयार केला. त्यात आपण चौथे. प्रत्यक्षात एकविसावे, तळापासून दुसरे. खालचे दोन संघ खालच्या लीगमध्ये जातात. माझा तक्ता जास्त बोलका आहे. क्लबच्या फलकावर लावला.

२८ फेब्रुवारी, शनिवार
०-३. तक्त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलंय: मग मध्यंतरालाच घरी जाऊ या.
हस्ताक्षर मॅव्हिसचं. ‘घ’ अजून तसाच.

१४ मार्च, शनिवार
२-३. मध्यंतराला २-०. शेवटच्या वीस मिनिटांत आपली मुलं चढावर अक्षरशः चालत होती. व्यायाम कमी. हा हॅक्सबीचाच वारसा. कप्तान होल्टला सामन्यानंतर गाठलं. दिवसा दुधाचा टँकर चालवतो, १९९९ची तुकडी, स्वभावाने बरा. म्हटलं, दम का टिकत नाही तुमचा? तो म्हणाला, बाई, दम तेवढाच आहे, फक्त तो संपतो तेव्हा समोर डोंगर असतो.
उडवाउडवी.

बातमी: हॅक्सबी जानेवारीपासून ऑस्गेटचा मॅनेजर आहे. ऑस्गेट शेवटून पाचवे होते, आता वरून नववे. योगायोग.
दुसरी बातमी: आपला शेवटचा सामना ऑस्गेटशी, आपल्या मैदानावर. उत्तम. खास अंक त्याच्या हातात पडेल.

२८ मार्च, शनिवार
१-२. मध्यंतराला १-०. पाणी गार. पाहुण्या संघाने लेखी तक्रार केली. बॉयलर कुठे ठोकला की चालू होतो ते फक्त हॅक्सबीला ठाऊक होतं. जाताना सांगून गेला नाही. अशी माणसं संस्था चालवत होती.

४ एप्रिल, शनिवार
पेटीत बावीस चिठ्ठ्या. बावीसही अप्रस्तुत. एकीने लिहिलंय की हिमवर्षावात सामना रद्द होऊ नये म्हणून तो पहाटेपासून एकटा फावड्याने मैदान साफ करत होता. मी त्या दिवशी होते. एकटा नव्हता. मी थर्मास घेऊन कडेला उभी राहून कुठून सुरुवात करावी ते सांगत होते.

अंकात जागा कमी असल्याने आठवणींचं सदर रद्द. संपूर्ण अंक मीच लिहीन.

११ एप्रिल, शनिवार
स्पेक गेला. घरगुती कारण. फोनवर म्हणाला, मिस कॉथोर्न, मला एकदा तरी चढ आधी घेऊन बघायचं होतं. म्हटलं, ज्युलियन, माणसाने तत्त्वाला चिकटून राहावं. तो म्हणाला, चिकटलोच होतो, म्हणून तर बुडालो.
उरलेले दोन सामने होल्ट सांभाळेल. त्याला लेखी सूचना दिल्या.

१८ एप्रिल, शनिवार
बाहेरगावी १-१. एक गुण. शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली तरी आपण वाचतो. बरोबरी सहज होईल.

२२ एप्रिल, बुधवार
अंक छापून आला. दोनशे प्रती, देखणा. पहिलंच वाक्य मला फार आवडलं: ‘या माणसाने नऊ वर्षांत एका चाहत्याचं एकही पत्र उघडून पाहिलं नाही.’ पुढे चार पानं. कुठेही आवाज चढलेला नाही. शेवटी: ‘ही नऊ वर्षं विचाराविना गेली.’

मॅव्हिसने उभ्याउभ्या वाचला. मग म्हणाली, बाई, आमचे स्टॅन यात नाहीत.
ती दुसरी चिठ्ठी तिची होती हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. चिठ्ठीवर नाव लिहायची पद्धत असते.

२५ एप्रिल, शनिवार, सकाळी
हवा कोरडी. मैदान उत्तम. होल्टला बजावलं: टॉस जिंकला तर उतार. आज निवाडा होईल.

२५ एप्रिल, संध्याकाळी
टॉस ऑस्गेटने जिंकला. आणि हॅक्सबीच्या माणसाने आपणहून चढ घेतला. म्हाताऱ्याला नऊ वर्षांत अक्कल आली नाही. मला हसू आलं. आम्हाला उतार मिळाला, तोही न मागता.

मध्यंतराला १-० पुढे. अंकाच्या अकरा प्रती गेल्या.
बाजू बदलायची वेळ झाली. सगळे चर्चच्या टोकाला निघाले. मॅव्हिस टपरीजवळच, रेल्वेच्या टोकाला थांबली. विचारलं, येत नाहीस? म्हणाली, गोल बघायचे तर इथेच थांबावं लागेल, बाई.

१-४. चारही तिकडेच झाले.
आम्ही वर उभे होतो. तिथून सगळं मैदान छान दिसतं.

खालच्या लीगमध्ये गेलो. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. होल्ट गवतावर बसून होता. त्याला उठवायला कोण गेलं तर हॅक्सबी.

नंतर तो माझ्या टेबलाशी आला. कोट तोच, हिरवा. बरं आहे का विचारलं. बरं आहे म्हटलं. मग तो म्हणाला, बाई, तुमचा नकाशा अजून आहे माझ्याकडे. सामानाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय. ऑस्गेटलाही घेऊन गेलो.
म्हटलं, कुठला नकाशा.
म्हणाला, उताराचा. पहिल्याच वर्षी पाठवला होता तुम्ही. त्यात तुम्ही लिहिलं होतं की चढावर धावायला उताराच्या दुप्पट दम लागतो. मी प्लंबर माणूस, पाणी कुठून कुठे जातं तेवढं कळतं. मला वाटलं, दम संपल्यावरच उतार हाती असलेला बरा. म्हणजे शेवटची वीस मिनिटं आपली. ते तुमच्या आकड्यांवरूनच सुचलं, बाई. मी मोजायला कधी जाणार होतो.

विचारलं, आणि बाकीची पत्रं.
म्हणाला, सगळी वाचली. रविवारची सोमवारी यायची, सोमवारी काम कमी असतं.
मग उत्तर का नाही दिलं, हे मी विचारलं. आवाज नीट होता.
तो म्हणाला, तुम्ही कधी काही विचारलंच नव्हतं.

समोर अंकांचा गठ्ठा होता. त्यावर हात ठेवायला हवा होता हे नंतर सुचलं. त्याने एक प्रत उचलली, किंमत टेबलावर ठेवली. पहिलं पान उभ्याने वाचलं. घडी घातली, खिशात ठेवली. म्हणाला, छपाई चांगली झालीय.
मग त्याने जाऊन बॉयलर चालू केला. त्याच्या मुलांना अंघोळ करायची होती. आमच्या मुलांनीही करून घेतली.

२६ एप्रिल, रविवार
शांतपणे विचार केला. याचा अर्थ नऊ वर्षांचा पाया माझ्या मोजमापाचा होता. वरच्या लीगमधली बढती, करंडक, सगळ्याच्या मुळाशी माझे आकडे. हे कुठेतरी नोंदवलं गेलं पाहिजे.
पण मग नोव्हेंबरात मी जो ठराव मांडला तो
पुढचं उद्या.

२७ एप्रिल, सोमवार
काही लिहिण्यासारखं नाही. एकशे ऐंशी प्रती उरल्या. पाठकोऱ्या नाहीत.

९ मे, शनिवार
वार्षिक सभा. हॅक्सबीला परत बोलवावं असा ठराव. मांडणारी मॅव्हिस, अनुमोदन होल्ट. विरोधी मत नाही. अध्यक्षांनी मत द्यायचं नसतं, त्यामुळे माझा प्रश्न आला नाही. ही माझी शेवटची सभा. नव्या अध्यक्षा मॅव्हिस.
बोलावण्याचं पत्र कोणी लिहायचं यावर चर्चा. मागून कोणीतरी म्हणालं, कॉथोर्नबाईंनीच लिहावं, त्यांना सवय आहे. सगळे हसले. मॅव्हिस हसली नाही. म्हणाली, हो, बाईंनीच लिहायला हवं.

१० मे, रविवार
चार पानं झाली. त्यात पुढच्या मोसमाचा सविस्तर आराखडा होता. फाडली. पुन्हा लिहिलं. तीन पानं. फाडली.
शेवटी एकच ओळ: परत याल का?
पत्र क्रमांक ३२१.

१६ मे, शनिवार
सकाळच्या टपालात पाकीट. प्लंबिंगच्या बिलाचा कागद, मागच्या बाजूला लिहिलेलं.
‘नाही, बाई. पण विचारल्याबद्दल आभार. डेनिस.’

‘उत्तरं’ फाइलीत लावलं. फाइल नवीच होती.