बरं झालेल्याला विमा नाही

अमळनेर
१४ नोव्हेंबर २०२५

चि. लोटन यास आशीर्वाद.

तुझ्या सुनेचा, डिंपलचा, काल फोन आला म्हणून हे लिहावं लागतंय. तुझ्या स्कूटरच्या डिकीत तिला जिलेबीचे कागद सापडले. पायाच्या अंगठ्याची जखम का भरत नाही, ते आता घरात सगळ्यांना कळलं. तुला फोन केला तर “हा अक्का” म्हणालास आणि कापसाचा भाव सांगत बसलास.

इकडे थंडी पडली आहे. माझं ठीक आहे.

मग मी तुझा मधुमेहाचा वर्ग घेणाऱ्या ज्योत्स्नाबाईंना फोन लावला. म्हणाल्या, “चालणं, आहार, सगळं छान जमलं होतं भाऊंना. साखर उतरली होती. पुढच्या तपासणीत नाव कमी झालं असतं, तेवढ्यात चढली.”

“नाव कमी म्हणजे?”

“वर्ग सरकारी विम्यावर चालतो, मावशी. बरं झालेल्याला विमा नाही.”

डिंपलला तू म्हणालास तेच की: “मी बरा व्हयनू तर माले काढी टाकतीन.” नापास व्हायला जिलेबी खाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

अंगठा कापावा लागला तर विमा मिळतो, हेही मी विचारून घेतलं. सकाळी पांझरा नदीकाठी चालायला वर्गातल्या चार माणसांनी तुझी वाट पाहावी, त्याला मिळत नाही. तुझी इंदिरा गेली, पोरगा समाधान आणि डिंपल दिवसभर नरडाण्याला कामावर. तू ताट घेऊन टीव्हीसमोर बसायचास. वर्गात गेल्यापासून नीट जेवायला लागलास, हे मला दिसत होतं.

ज्योत्स्नाबाईंना मी जिलेबीचं सांगितलं आहे. आता साखर उतरेल आणि नाव कमी होईल. होऊ दे. तुमच्या चालण्याच्या गटातले पुना आबा बाईंजवळच बसले होते. म्हणाले, “त्याले सांगा, नदीवर हाजरी कोनी लेत नही.”

जखम आजच डॉक्टरांना दाखव.

अमळनेरला असा वर्ग नाही. चौकशी केली होती. कुणासाठी, ते विचारू नकोस.

सोमवारी मी तुझ्याकडे राहायला येते. परत कधी जायचं ते ठरवलेलं नाही.

तुझी
नूतनअक्का

समाधान इथे आला होता, त्याच्या हाती दिलं: भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, माझं अंथरूण, माझे चालायचे बूट, माझ्या साखरेवरच्या गोळ्या. गोळ्या तुझ्या गोळ्यांशेजारी ठेव.