धर्मशाळेतली फुमिए

अहो,

मिसो सूप गरम करून घ्या. सासूबाईंची दुपारची गोळी पेजेत कुस्करून द्या, नुसती दिली तर थुंकतात.

त्यांच्यासाठी टीव्ही लावला तर तुमचा व्हिडिओ गेम चालूच होता. एकशे चाळीस तास झालेत म्हणे. तुमच्या चार लढवय्यांतल्या जखमा बऱ्या करणारीला तुम्ही माझं नाव दिलंत, बरं वाटलं. पण बाकी तिघांची ताकदीची पट्टी भरलेली आणि फुमिएचीच तेवढी लाल. सगळ्यांना तीच उठवते, तिला कुणी नाही.

तिला लढाईतून काढून गावच्या धर्मशाळेत ठेवलंय आणि सेव्ह केलंय. बटणं तुम्हीच शिकवली होतीत, लग्न नवं होतं तेव्हा.

मी निगाताला ताईकडे जातेय. गेममधल्या ड्रॅगनशी तिच्याशिवाय लढून बघा. सासूबाईंना रात्री लघवीला दोनदा उठवावं लागतं.

फुमिए