मेंढीचे वरचे दात

चिरंजीव डॉक्टर अनिलकुमार (जनावरांचे का होईना, पण डॉक्टर) यांस शिवलिंगप्पाचे शरणु शरणार्थी.

इकडे सोलापुरात आम्ही उन्हात नीट भाजून निघत आहोत. तिकडे मंगळवेढ्यात तू, चंद्रिका आणि तुझ्या दवाखान्यातल्या म्हशी खुशाल असाल. तुझ्या अक्कानं पाठवलेली शेंगाचटणी पोचली, एवढं कळवायला तुझ्या बोटांना काय धाड भरली होती, असं ती विचारते. (मी विचारत नाही. तुमच्या घराण्याच्या आळसाची मला सव्वीस वर्षांची सवय आहे.) तुझी कंबर कशी आहे? माझ्या गुडघ्यांचं विचारू नकोस.

तर यंदा विज्ञान प्रश्नमंजूषा स्पर्धेसाठी आमच्या हायस्कूलचा संघ तयार करायची जबाबदारी माझ्यावर पडली. पडली म्हणजे मुख्याध्यापिका महेश्वरी मॅडमनी ढकलली. बाई मूळच्या भूगोलाच्या; विज्ञान म्हणजे भिंतीवर लावायचा तक्ता, एवढीच त्यांची समजूत. मुलांना बझरची सवय हवी म्हणून त्यांनी हौसेनं एक बझर आणला. बझर कसला, दारावरची बेल! बटण दाबलं की अकरा सेकंद ‘ॐ नमः शिवाय’ म्हणते. आमचा गुरुराज पडला भाविक घरातला. बटण दाबायचा, डोळे मिटायचा, हात जोडायचा आणि जप संपल्यावरच तोंड उघडायचा. मी ओरडलो तर मॅडम म्हणाल्या, संस्कार आहेत. महिनाभर या संस्कारांवर सराव झाला. स्पर्धेतला बझर नुसता ‘टीं’ करून गप्प बसला, आणि हा पठ्ठ्या हात जोडून जप सुरू व्हायची वाट बघत उभा! वेळ संपली. प्रश्न काय होता, तर पाण्याचं रासायनिक सूत्र. कपाळ माझं!

दुसरी काव्या. पाठांतर असं की झोपेतून उठवलं तरी आवर्तसारणी म्हणेल, पण प्रश्न पुरा ऐकणं तिला कमीपणाचं वाटतं. ‘प्रकाशाचा’ एवढं कानावर पडताच तिनं प्रकाशाचा वेग सांगून टाकला. प्रश्न होता, प्रकाशाचा किरण काचेत शिरताना का वाकतो. उणे पाच गुण. राहता राहिली सोनम, नववीतली. तिचा बाप बिरुदेव मेंढपाळ आहे, कळप सध्या शाळेमागच्या माळावर बसवलाय. तिघांत डोकं म्हणावं असं हिचंच. दोष एकच, माझ्या वहीतलं कुठलंही उत्तर पाठ करण्याआधी ती ‘कशावरनं सर?’ विचारते. सव्वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारावं अशी माझी इच्छाही नव्हती. बिरुदेवनं स्पष्ट सांगितलंय, पोरगी जिल्ह्याच्या फेरीला गेली तर वसतिगृहात ठेवतो, न्हायतर दिवाळीनंतर कळपाबरोबर नेतो.

आता मुख्य रड ऐक. शेवटचा प्रश्न आला: मेंढीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात किती? सोनमनं बझर दाबला आणि म्हणाली, एकबी न्हाय. परीक्षकानं कागद बघितला आणि चूक म्हणाला, उत्तर आठ. पोरगी उठून उभी राहिली. ‘सर, रोज तोंडं बघतो की आमी!’ सभागृह हसलं. मीच तिला डोळे वटारून खाली बसवलं (परीक्षकाचा मान राखावा लागतो). आम्ही पाच गुणांनी मागं राहिलो, जिल्ह्याची फेरी हुकली, आणि हे उत्तर धरलं असतं तर दहा मिळत होते. हे प्रश्न सगळ्या शाळांच्या शिक्षकांकडून मागवतात आणि एकत्र कालवतात. मग भाकरीत खडे यायचेच. ज्या गाढवानं हा प्रश्न काढला, त्यानं जन्मात मेंढी बघितली नसावी. असल्या माणसाच्या हातात खडू देऊच नये!

दुसऱ्या दिवशी बिरुदेव एक मेंढी घेऊन थेट शिक्षकांच्या खोलीत. मॅडमनी पदर नाकाला लावला. बिरुदेवनं मेंढीचं तोंड उघडून धरलं आणि म्हणाला, ‘घाला की बोट, काय करत न्हाय ती.’ मी घातलं. खाली दात, वर नुसती टणक हिरडी. मी स्पर्धा समितीच्या अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, मेंढी हा लेखी पुरावा होत नाही. तक्रार शुक्रवारपर्यंतच घेतात. असल्या लोकांच्या हातात विज्ञान आहे, बघ.

लिहावं तेवढं थोडं, आणि समितीची अक्कल त्याहून थोडी. चंद्रिकाला आशीर्वाद.

तुझा दाजी,
शिवलिंगप्पा

ता. क. – मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, असं दोन ओळींचं सर्टिफिकेट तुझ्या सही-शिक्क्यानिशी हवं. शिक्का वाचता येईल असा मार.

ता. क. २ – ते गाढव मीच. खाली आठ असतात असं कुठंतरी वाचलं होतं, वरचे आठ मी आपले अंदाजानं धरले. परीक्षकानं प्रश्न वाचला तेव्हा माझाच आहे म्हणून मला आनंद झाला होता. तुझ्या अक्काला सांगू नकोस.

ता. क. ३ – सर्टिफिकेट टपालानं नको, गुरुवारी स्वतः घेऊन ये. तक्रारीच्या अर्जात चूक कोणाची ते मी नावानिशी लिहिलंय, त्याचं काही नाही. पण सोनमला अजून सांगितलेलं नाही. तिचं बरोबर होतं, मी बस म्हणालो आणि ती बसली, रे. तिला हे सांगताना तू माझ्या शेजारी उभा राहा. मला एकट्याला धीर होत नाही.