आधी तू खा

४ ऑगस्ट, सोमवार
पुन्हा तेच! पॉरिज केलं, चमचा तोंडापाशी नेला — म्हाताऱ्याने वाडगा माझ्याकडे ढकलला. "यू फर्स्ट." विष घातलंय का मी? त्याच्या डोळ्यांदेखत टोस्ट चावला, तेव्हा कुठे तोंड उघडलं. चार महिने झाले, रोज सकाळी हे नाटक.
दुपारच्या शिफ्टला चित्रा येते. तिच्या हातचं गपागप खातो. तिला नाही म्हणत यू फर्स्ट!

५ ऑगस्ट, मंगळवार
पलंगातून उचलायचं मी, आंघोळ मी घालायची, चड्डी मी बदलायची. ब्याण्णव वर्षांचं पोलिश हाड, कंबर मोडते माझी. आणि ही बाई सेंट मारून येणार, खुर्ची ओढणार — "सांगा ना, ताडेक आजोबा!" की म्हातारा सुरू. बाप घोडदळात होता, भालाईत. चित्रा मोबाइलवर वाचून येते आणि वरून विचारते. पूर्वी त्यांचे स्वार पाठीला पिसांचे पंख लावून लढाईला जायचे म्हणे. कोंबडे कुठले! मी हसले तर म्हणते, "मेधाताई, हिस्टरी आहे ती."
मी सातवी. तू एम.ए. मग बदल की त्याची चड्डी.

८ ऑगस्ट, शुक्रवार
त्याची मुलगी हालिना आली होती. मदतनिसांचे मंजूर तास कमी झाले, पुढच्या महिन्यापासून एकीलाच ठेवणार. "डॅड जिचं नाव घेतील ती." मी टॉवेलच्या घड्या घालत होते. घालतच राहिले.
नाव कुणाचं घेणार ते दिसतंयच!
नरेंद्र म्हणतो, "दुसरं घर मिळेल. आपल्या ब्लॅकटाउनात म्हातारे काय कमी आहेत?" नवरा असून एवढं कळत नाही. मला हाच पाहिजे.

११ ऑगस्ट, सोमवार
निघताना कपडे वाळत घालत होते, खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. म्हातारा चिडलेला — महायुद्धात आमचे लोक भाले घेऊन रणगाड्यांवर धावले म्हणतात, खोटं! माझा बाप घोडीवरून उतरून बंदुकीने लढला. मग आवाज बारीक. तीन दिवस उपाशी होता बाप, चौथ्या दिवशी अर्धा पाव मिळाला. तो घोडीला दिला. तिचं खाऊन होईपर्यंत बघत उभा राहिला आणि मग हातावरचा चुरा चाटला.
चित्राने नाक ओढलं. रडत होती वाटतं. मी बादली आपटली.
मला एक गोष्ट सांगितली नाही मेल्याने. एक!

१२ ऑगस्ट, मंगळवार
अंगारकी. एरवीच्या चतुर्थीला टोस्ट-फळ चालवून घेते, अंगारकीला चंद्र दिसेपर्यंत पाणी नाही. त्याला हात जोडून सांगितलं — टुडे गॉड, नो ईट. नाहीच उघडलं तोंड. वाटलं, दुपारी लाडकी आली की खाईल. तिचंही बिस्किट नको!
हालिनाचा फोन — "काय केलंस तू त्यांना?"
मी केलं? मी?
आम्हाला कामावर पाठवणाऱ्या ऑफिसला फोन करून सांगून टाकलं, मला काढा तिथनं, चित्रालाच ठेवा. तिकडची पोरगी म्हणे, "नो वरीज." सोमवारपासून चित्रा.

१३ ऑगस्ट, बुधवार
आधी मी टोस्ट खाल्ला, मग त्याने पॉरिज. बोलले नाही त्याच्याशी.

१४ ऑगस्ट, गुरुवार
हालिनाने केक आणला, मी जाणार म्हणून. विचारलंच शेवटी — माझ्या हातावर विश्वास नाही का यांचा?
ती म्हणाली, "मेधा, ते घोडदळातलं घर आहे. जो आपल्याला वाहून नेतो तो आधी जेवतो, मग आपण. चित्रा कुठे उचलते त्यांना?"
म्हणजे मी घोडी!
केकचा मोठा तुकडा घेतला, त्याच्यासमोर उभी राहिले, सगळा खाल्ला. माझं होईपर्यंत बघत होता.
सोमवारपासून चित्रा उचलणार. म्हणजे यू फर्स्ट तिला!
नाही. ऑफिसला फोन लावतेय. एंगेज येतोय, तरी लावतेय.