गेल्या वर्षीचे इशारे

८ सप्टेंबर, रविवार

काल जिंकलो! चोवीस-दहा. तिसऱ्या सत्रात समोरच्या संघातल्या एका रेड्यासारख्या गड्याशी माझी टक्कर झाली, डोक्याला डोकं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेजारी खेळणाऱ्या ओरिननं हात देऊन उठवलं, मी हसलो, पुढचा डाव खेळलो.

आज पेपराच्या अमेरिकन फुटबॉलच्या पानावर आम्हा पाच जणांचा फोटो आलाय. आक्रमणाची पुढची फळी, समोरच्यांना अडवणारी, सलग तिसरं वर्ष तीच. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक नवा, आक्रमणाचा कोच नवा, चेंडू घेऊन पळणारी पोरं नवी, पण आम्ही पाच तेच. खाली छापलंय, 'अनुभव बाजारात मिळत नाही.' आमच्या फळीचे हूबर कोच म्हणाले, डोक्यात हवा जाऊ देऊ नका, तिथे आधीच पुष्कळ जागा रिकामी आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज सरावात काहीतरी विचित्र झालं.

ओरिन आमचा सेंटर. चेंडू मागे देण्याआधी समोरच्यांची मांडणी बघून तोच ओरडतो, कुणी कुणाला अडवायचं ते. नव्या कोचनी या वर्षी इशारे बदललेत, शहरांची नावं दिलीत. गेल्या वर्षी पक्षी होते. आज ओरिन ओरडला — "बगळा!" गेल्या वर्षीचा इशारा!

गंमत म्हणजे कुणी अडखळलंच नाही. फळीतला सिओने, बाकीचे दोघे, सगळे बरोबर जागी गेले. मीच क्षणभर उभा राहिलो, तेवढ्यात ओरिनचं कोपर बरगडीत बसलं आणि मीही गेलो. तीन वर्षं शेजारी शेजारी खेळल्यावर हे असं होतं. तो चुकीचं बोलला तरी आम्हाला बरोबर कळतं.

मग गुरुवारचं जेवण ओरिनच्या खोलीवर. राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल. फळीत उभे राहतो त्याच क्रमानं बसतो आम्ही. मी विषय काढला नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

जिंकलो. पण आज सबंध सामनाभर पक्षीच! बगळा, घार, पुन्हा बगळा. प्रत्येक वेळी मी आधी सिओनेचा पाय कुठे वळतोय ते बघत होतो.

ओरिनला झालंय काय? किती वेळा आपटलं असेल त्याचं डोकं? मला भीती वाटते.

१७ सप्टेंबर, मंगळवार

सामन्याचं चित्रण बघितलं. त्यात आवाज नसतो, म्हणून ओरिन बचावला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हूबर कोचनी दोनदा चित्र थांबवलं. दोन्ही वेळा माझ्यावर. मला वाटलं, ओरिनला मी कसा सांभाळून घेतोय ते यांना दिसलं वाटतं! विचारलं, इथे काय झालं? मी म्हणालो, सगळे बरोबर गेले. "सगळे?" त्यांनी परत विचारलं. म्हातारा हुशार आहे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

जेवायला पोचलो तर चौघे बोलता बोलता गप्प झाले. म्हणजे त्यांनाही माहीत आहे. सगळेच मूग गिळून बसलेत.

सांगणार तरी कसं? ओरिनचं कॉलेजातलं हे शेवटचं वर्ष. व्यावसायिक संघांची माणसं दर शनिवारी त्यालाच बघायला येतात. मरीन मॅडमना, म्हणजे संघाच्या दुखापती बघणाऱ्या बाईंना, एक शब्द कळला तर त्या त्याचं हेल्मेट काढून घेतील, खेळणंच बंद. मग गाव, वडिलांचा गोठा, आयुष्यभर तेच.

आणि हा शहाणा मलाच विचारतो, झोप लागते का रे, डोकं दुखतं का? मी म्हणालो, आधी तुझं बघ. एकही जण हसला नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

आईचा फोन. हे तू मला कालच सांगितलंस, म्हणाली. कालचा फोन कुठला? तिचंही वय होत चाललं.

२८ सप्टेंबर, शनिवार

सगळं संपलं.

चौथं सत्र, तीन गुणांनी मागे. ओरिन ओरडला — "घार!" घार म्हणजे डावीकडे. मी डावीकडे गेलो. बाकी चौघे उजवीकडे. माझ्या जागी दार सताड उघडं! त्यांचे दोघे धावत आत शिरले आणि आपला क्वार्टरबॅक, एकोणीस वर्षांचं पोर, त्यांच्याखाली गेला. गळ्याजवळचं हाड मोडलं. ते ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

बसमध्ये कुणी मला दोष दिला नाही. ओरिन शेजारी येऊन बसला. एवढा दोनशे नव्वद पौंडांचा गडी, रडत होता.

"माझी चूक झाली, क्ले. मी आधीच बोलायला हवं होतं."

आला एकदाचा कबुलीवर! मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. पण आता झाकून ठेवणं पाप आहे. पुढच्या वेळी तो स्वतःच उठणार नाही.

३० सप्टेंबर, सोमवार, सकाळ

ठरलं. सराव सुरू व्हायच्या आत मरीन मॅडमकडे जातो. फितूर म्हणतील, म्हणोत. ओरिन मला आयुष्यात क्षमा करणार नाही. पण जिवंत तर राहील.

३० सप्टेंबर, दुपार

ओरिन माझ्या आधीच तिथे बसला होता. माझ्याबद्दल सांगायला आला होता.

मरीन मॅडमनी ओरिननं आणलेली या वर्षीची इशाऱ्यांची वही माझ्यापुढे उघडली. पानापानावर पक्षी. शहर एकही नाही. शहरं गेल्या वर्षी होती, त्या म्हणाल्या.

मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "क्ले, सध्या कोणतं वर्ष चालू आहे?"

मी सांगितलं. ओरिननं तोंड हातांत लपवलं.