कानात म्हणायचं गाणं

संत ब्रिजिदच्या सणाचा दुसरा दिवस,
मठातून

प्रिय रोनाटताईस,

दिम्माचा नमस्कार. मी बरा आहे. थंडीने बोटं सुजलीत, पण पोथ्या उतरवायचं काम चालू आहे. तांबडी गाय व्याली हे ऐकून बरं वाटलं. हे पत्र तुला आमच्या मठातले कोर्मान वाचून दाखवतील. भला माणूस आहे. त्यांना ताक दे आणि मठातला म्हणून टोमणे मारू नकोस, ते माझ्यासाठी ठेव.

तुझा निरोप पोचला. बाबांचं आता काही खरं नाही, आणि शेवटचं गाणं शिकवा म्हटलं की ते भिंतीकडे तोंड फिरवतात. बारा वर्षं सगळं पाठ करून घेतलं, मग हेच का नाही, माझं काय चुकलं, असं तू विचारलंयस.

तुझं काही चुकलं नाही, ताई. इथवर लिहून हे पत्र जाळायला मी दोनदा चुलीपाशी जाऊन आलो.

सुगीत मी घरी आलो तेव्हा तू गुरं घेऊन डोंगरावर होतीस. बाबा ओकच्या झाडाखाली बसून तेच गाणं म्हणत होते, मरणाऱ्याच्या कानात म्हणायचं, पलीकडची वाट सांगणारं. तुला शिकवायचं म्हणून उजळणी चालली होती. मी कुडामागे बसून मेणाच्या पाटीवर काडीने कोरून सगळं उतरवून घेतलं. आपली विद्या लिहायची नसते, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण बाबांसारखा जुन्या देवांचा एकेक म्हातारा ड्रुइड पुजारी मरतोय आणि त्यांची पोरं माझ्यासारखी मठात येतायत. वाटलं, पोथीच्या कातड्यावर तरी राहील.

काडीचा आवाज त्यांनी ऐकला. ओरडले नाहीत. पाटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दिम्मा, लिहिलेलं गाणं मेलेलं असतं. मेलेलं मी माझ्या मुलीच्या तोंडात घालणार नाही."

ताईला सांगू नका म्हणून मी त्यांचे पाय धरले. त्यांनी तेवढं ऐकलं.

मग आता ते पाठवून दे, असं तू म्हणशील. मठात येऊन मी ते वासराच्या कातड्यावर उतरवलं आणि पाटी पुसली. हिवाळ्यात ते पान आमच्या मठाधिपतींच्या हाती लागलं. ते रागावलेसुद्धा नाहीत. कातडं चांगलं आहे, खरवड आणि स्तोत्र लिही, म्हणाले. मी खरवडलं गं. माझ्याच हातांनी.

आणि पाठ म्हणशील, तर लहानपणी एकदा ऐकलं की माझ्या डोक्यात बसायचं, बाबा चारचौघांत कौतुक करायचे. या वेळी लिहून ठेवलंय म्हटल्यावर डोक्याने ते धरलंच नाही. रोज आठवायला बसतो. पहिल्या चार ओळी आठवतात, पहिल्या नदीपर्यंत येतो. पुढे काही नाही.

हे गाणं मरणाऱ्याला स्वतःचं स्वतःला म्हणता येत नाही, दुसऱ्यानेच म्हणावं लागतं, तुला माहीत आहे. मी परवा निघतो. त्या चार ओळी कानांनी ऐकलेल्या आहेत, त्या लिहिणार नाही, तुझ्या कानात सांगेन. तू बाबांच्या कानात म्हण, माझ्या तोंडून त्यांना चालणार नाहीत. नदीपर्यंत पोचव त्यांना. पलीकडे कसं जायचं ते त्यांना कोणीही सांगणार नाही, आणि ते माझ्यामुळे.

दार उघडलंस तर तुझा भाऊ,
दिम्मा